प्रक्रिया केलेल्या बांबूच्या काठ्या: छपराखाली उत्तम, मातीत नकोत

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेल्या गोल बांबूची मोळी मागवली होती. व्हरांड्यात एक मांडणी, बाहेर वेलींसाठी मांडव आणि उरतील त्यांच्या कामट्या, असा बेत होता. मांडणी फार सुरेख झाली. मांडवासाठी मात्र हा माल घेऊ नका, कारण पुढे लिहिते.

बांबू घेताना बहुतेक जण जाडी बघतात, मी आधी वय बघते. हे गवत आहे, झाडासारखं वर्षागणिक जाड होत नाही. कोंब ज्या जाडीचा वर येतो तीच काठीची जाडी, आणि पूर्ण उंचीही तो काही महिन्यांतच गाठतो. त्यामुळे वर्षाची कोवळी काठी आणि 4 वर्षांची जून काठी टेपने मोजून वेगळी काढता येत नाही. कोवळी असेल तर वाळताना आकसते, सुरकुतते, चिरते. या मोळीतल्या जवळपास सगळ्या काठ्या जून निघाल्या. पेराखालची पांढरी भुकटी गेलेली, सालीवर दगडफुलासारखे करडे डाग, आणि बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणीत आवाज. बेटातून नेमकी जून काठी निवडून तोडणं कष्टाचं असतं, सरसकट तोड सोपी. इथे तोडणाऱ्याने निवड केली आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता प्रक्रिया. बांबूत स्टार्च असतो आणि त्याच्यासाठीच भुंगेरे आत शिरतात. काठीखाली पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड ही बोरॉनची संयुगं त्यावर चांगला उपाय आहेत, पण ती आतपर्यंत पोचली पाहिजेत. दोन पेरांच्या मधल्या भागात बांबूच्या सगळ्या वाहिन्या उभ्या असतात, आडव्या असतात त्या फक्त पेरांत, आणि बाहेरची साल पाणी आत घेत नाही. म्हणून द्रावण शिरतं ते कापलेल्या टोकांतून, किंवा पेरांचे आतले पडदे भोसकले असतील तर पोकळीच्या बाजूने. नुसतं वरून ब्रशने फासून काही होत नाही.

मी एक काठी मधोमध कापली. हळद स्पिरिटमध्ये भिजवून केलेला अर्क कापलेल्या तोंडावर लावला, वर सौम्य आम्लाचा हात दिला. बोरॉन असेल तिथे हळदीचा पिवळा रंग लाल होतो. आतल्या कडेपासून सालीपर्यंत बहुतेक भाग लाल झाला, सालीलगत तेवढी एक बारीक पिवळी रेघ राहिली. पडदे आरपार भोसकलेले दिसत होतेच. काम मनापासून केलेलं आहे.

तक्रार आहे ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकाबद्दल. त्यात ‘घरात, बागेत, कुठेही वापरा’ असं छापलंय. हे चूक आहे, आणि घेणाऱ्याचं नुकसान करणारं आहे. बोरॅक्स पाण्यात विरघळतं. पावसात आणि ओल्या मातीत ते हळूहळू धुऊन जातं. मातीत रोवलेल्या काठ्या जमिनीलगत काळ्या पडून मऊ झाल्या, आणि छपराखालच्या त्याच मोळीतल्या काठ्या आजही कोऱ्या करकरीत आहेत. विक्रेत्याला कळवलं. काठ्या बदलून देतो म्हणाले, पण माहितीपत्रक अजून तेच आहे. मांडव करायचाच असेल तर काठी मातीत न रोवता दगडाच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभी करा, आणि वर छप्पर पुढे काढा.

जोडणीबद्दल थोडं. खिळा थेट ठोकू नका, बांबू सरळ रेषेत उभा फाटत जातो. आधी ड्रिलने भोक पाडा, मग बोल्ट घाला, आणि सांधा पेराच्या जवळ येईल असं बघा. माझ्या मोळीत बऱ्याच काठ्या पेरापासून लांब कापल्या होत्या, त्यामुळे टोकं पुन्हा छाटावी लागली आणि तेवढी लांबी वाया गेली. मागवताना लागेल त्यापेक्षा वीतभर जास्त सांगा. साल घासून गुळगुळीत केलेल्या काठ्याही ते देतात. त्या घेऊ नका. तंतू सर्वांत दाट असतात ते सालीलगतच, आणि घासताना तेच जातात.

उरलेल्या काठ्यांच्या कामट्या अप्रतिम निघाल्या. कोयता एकदा बसला की चीर शेवटपर्यंत सरळ जाते. त्यांच्या दोन टोपल्या विणून झाल्या, आता खिडकीसाठी पडदा विणायला घेतलाय. पुढची मोळी याच विक्रेत्याकडून मागवणार आहे, फक्त छपराखालच्या कामासाठी.