जुनं बत्तीस बोअर: वेब्ली घ्यावं की स्मिथ?

पुण्यात आजही जुन्या विलायती रिव्हॉल्वरची चौकशी करणारे बरेच भेटतात. खासगी आयात १९८०च्या दशकात थांबली, त्यामुळे बाजारात फिरतो तो माल त्याआधीचा. मालक बदलत गेले, पण सुटे भाग येणं बंद झालं. मग ठिकठिकाणच्या कारागिरांनी कानस चालवून जे घडवलं तेच आज या हत्यारांच्या पोटात बसलेलं आहे. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. एक जागा अडली की अडली.

बत्तीस बोअरमध्ये, म्हणजे सुमारे .३२ इंची गोळीच्या हत्यारांत, फिरून फिरून दोन नावांपाशीच यावं लागतं: ब्रिटिश वेब्ली अँड स्कॉट आणि अमेरिकन स्मिथ अँड वेसन. दोन्हींची ओळख करून द्यायची गरज नाही. मी दोन्ही हाताळली आणि त्यातलं एक घेतलं. इथे एकाच प्रश्नापुरतं लिहितो: बदललेला भाग कोणत्या हत्यारात आपल्या डोळ्यांना सापडतो?

वेब्लीची बाजू आधी मांडतो, कारण तिच्याबद्दल मला खरोखर आदर आहे. नळी खाली मोडली की सगळी टरफलं आपोआप एकदम बाहेर येतात, ही मोठी सोय. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे जबर दाबाखाली हत्याराची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्केही मोठा आधार आहेत. मुकुटाचं ते बारीक चिन्ह नळीवर तर असतंच, शिवाय सिलिंडरवरही, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यांच्या फिरत्या भागावरही, असतं. सिलिंडर कोरं दिसलं, किंवा शिक्के घासून पुसट झालेले दिसले, की सिलिंडर बदललंय किंवा जबर पॉलिश झालंय असं समजायला हरकत नाही. मुठीच्या काळ्या पट्ट्यांवर कंपनीची अक्षरं असतात. त्या जागी शिसवी लाकूड दिसलं तर ते नंतरचं, पण त्याने बिघडत काही नाही.

माझं घोडं अडलं ते वरच्या खटक्यापाशी. नळी आणि फ्रेम यांना धरून ठेवणारा हा एवढासा भाग. डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायचा, आणि उजवीकडे त्याची इंग्रजी व्हीच्या आकाराची स्प्रिंग. सतत उघडझाप होऊन झिजतो तो हाच, आणि स्प्रिंग मोडली की कारागिराकडे जाते तीही हीच. कॅम्पातल्या एका दुकानात पाहिलेल्या वेब्लीचा खटका छान चमकत होता. भिंग लावलं तेव्हा कडेला कानशीचे आडवे चरे दिसले, आणि स्क्रूची खाच एका बाजूने चेपलेली. हत्यार रिकामं असल्याची खात्री करून बंद केलं, मूठ घट्ट धरली आणि नळीचं तोंड दोन बोटांनी वरखाली हलवलं. बारीकसा टक्‌ असा आवाज आला. दुकानदार म्हणाले, “साहेब, जुन्याला एवढं चालायचंच.” चालत असेलही. पण तो खटका मूळचा झिजलेला की नवा घडवलेला, हे मला कशावरून ठरवता येणार होतं? मी पाहिलेल्या एकाही वेब्लीच्या खटक्यावर नंबर नव्हता. दारूचा धक्का ज्या भागावर येतो तोच भाग आपली ओळख सांगत नाही. मला हे पटेना, आणि पुढेही प्रत्येक वेब्ली हातात घेतली की नजर तिथेच जाऊन थांबायची.

स्मिथचं तसं नाही. जुन्या हँड इजेक्टर मॉडेलांमध्ये (सिलिंडर बाजूला झुलवून हाताने दांडी दाबून टरफलं काढायची ती) मुठीवरचा अनुक्रमांक पुन्हा पुन्हा भेटतो: सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट पट्टीवर, टरफलं काढणाऱ्या चांदणीच्या मागच्या बाजूला. मुठीची उजवी पट्टी काढली तर आतल्या अंगालाही बहुधा तोच आकडा असतो. रेग्युलेशन पोलिस मॉडेलचा मुख्य आकडा मुठीच्या पुढच्या पट्टीवर पाहावा. सिलिंडर बाहेर काढून उजेडाकडे धरलं की निम्मा निकाल तिथल्या तिथे लागतो.

इथे एक जण हमखास गोंधळतो. सिलिंडर ज्या दांडीवर झुलतं तिच्यावर आणि फ्रेमच्या त्या खाचेत एक वेगळाच आकडा असू शकतो. तो जुळणीच्या वेळचा कारखान्याचा क्रमांक. मुठीवरच्या आकड्याशी तो जुळला नाही म्हणून चांगलं हत्यार सोडू नका.

उलटं नुकसान होतं ते नळीवरची अक्षरं घाईत वाचून. “३२ एस अँड डब्ल्यू” एवढ्याने हत्यार स्मिथचं होत नाही, ते काडतुसाचं नाव आहे. स्पेनमधल्या एइबारच्या नकलांवरही ते सर्रास दिसतं. कंपनीचं पूर्ण नाव आणि ठसा शोधा.

मुलामा केलेला ओळखायला घोडा आणि चाप पाहावेत. स्मिथने ते निकेलच्या हत्यारातही निकेल केले नाहीत, त्यांवर भट्टीतले राखाडी-तपकिरी-निळे ढग असतात. घोडा आरशासारखा चमकत असेल तर बाहेरचा हात फिरलाय. बाजूच्या झाकणाची फट मूळ कामात जेमतेम दिसते. ती ठळक दिसत असेल, स्क्रूभोवती खळगा पडला असेल, तर पॉलिशच्या चाकाने काम केलंय.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर वापरलेलं मिळालं तर? ते वेब्लीच्याच वळणाचं, म्हणजे खटक्याची तपासणी त्यालाही लागू. पण वयाने तरुण असल्याने ही कटकट सहसा कमी.

वेब्ली घेणाऱ्याला मी अडवणार नाही. खटका घट्ट असेल, वरखाली हलवून आवाज येत नसेल, आणि हत्यार एकाच घरात राहिलेलं असेल, तर आनंदाने घ्या. माझा कौल मात्र स्मिथला.

त्यातही सगळेच आकडे जुळतील असं नाही. मुठीच्या पट्ट्या वेगळ्या निघाल्या तर दुर्लक्ष करा. नळी वेगळी निघाली तर भाव पाडून मागा, आणि परवानाधारक गनस्मिथकडून तपासून घ्या. सिलिंडर वेगळं निघालं तर मी तरी परत ठेवतो, कारण दर वेळी कप्पा नळीसमोर नेमका यायला सिलिंडर त्याच फ्रेमला बसवलेलं असावं लागतं. आणि मुठीवरचा मुख्य आकडाच खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर भावाची बोलणी करूच नका. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८नुसार ओळखखुणा पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच त्या पुसल्या असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं.