मृगाआधीची रोपविक्री : एका उन्हाळ्यानंतरचा अभिप्राय

रोपे विकत घेतली त्या दिवशी कोणतीही रोपवाटिका चांगलीच वाटते. कोकणात तर जूनमध्ये जमिनीत काहीही खोचले तरी सप्टेंबरपर्यंत ते हिरवे दिसते. शेवग्याची तोडलेली फांदी कुंपणात रोवली तर तीसुद्धा पालवते. म्हणून गेल्या वर्षी मृगाच्या अगोदरच्या रविवारी आमच्या गावच्या सामाईक बागेतून घेतलेल्या ११ रोपांविषयी मी तेव्हा काहीच लिहिले नाही आणि मे महिना उलटेपर्यंत थांबले. आज त्यांपैकी ८ रोपे जिवंत आहेत. जी ३ गेली, त्यांतील एकाचा दोष माझ्याकडे येतो आणि उरलेल्या दोन रोपांचा विक्रेत्यांकडे.

रत्नागिरीच्या उत्तरेला, कातळसड्याच्या (खडकाळ पठाराच्या) उतारावर आमचे गाव आहे. तिथे देवस्थानच्या जागेत, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, बचत गटांतील बायका ही बाग सांभाळतात. पाऊस सरला की त्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालतात आणि ते पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरते. त्यानंतर हंड्याने पाणी वाहावे लागत असल्यामुळे रोपांना एक दिवसाआडच पाणी मिळते. या ओढग्रस्तीचा फायदा मात्र गिऱ्हाइकाला होतो. घाटावरून टेम्पोने येणारी रोपे उंच, लुसलुशीत आणि देखणी असतात, पण पहिल्याच मार्चमध्ये त्यांची पाने करपतात. इथली रोपे बुटकी, जाड पानांची आणि दिसायला काहीशी दरिद्री असली, तरी पाण्यावाचून दोन दिवस काढायची सवय लागूनच ती घरी येतात.

विक्रीची मांडणी मला सर्वांत अधिक आवडली. रोपे फळझाडे, फुलझाडे अशी न लावता पाण्याच्या गरजेप्रमाणे तीन रांगांत मांडली होती आणि प्रत्येक रांगेच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधली होती. पहिल्या रांगेत काजू, करवंद, उंडी, कोरफड, म्हणजे एक-दोन उन्हाळे सांभाळले की पुढे आपले आपण जगणारी झाडे होती. दुसऱ्या रांगेत आंबा, कोकम, बकुळ आणि अनंत होते, तर तिसरीत पोफळ, केळ, जायफळ आणि सोनटक्का अशी रोज शिंपणे मागणारी मंडळी होती. मी थेट तिसऱ्या रांगेकडे वळले आणि तीन पोफळी मागितल्या. तेव्हा तिथल्या ताईंनी पैशांना हात न लावता विचारले, “वहिनी, तुमची विहीर कधी आटते?” एप्रिलच्या मध्यावर तळ दिसतो, असे मी सांगताच त्यांनी पोफळी मागे सारल्या आणि म्हणाल्या, “मग या नका नेऊ. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळीचा एक गड्डा लावा, तेवढे पुरे.” पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा विक्रेता मला आजवर भेटला नव्हता. थोडा रागही आला होता, हे कबूल केले पाहिजे.

कोकमाच्या बाबतीत मात्र अशी दक्षता दिसली नाही. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि झाड फुलेपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, ते ओळखता येत नाही. म्हणून मादी झाडाची काडी घेऊन बांधलेले कलमच घ्यावे, आणि आसपास नर झाड नसेल तर एखादे नराचे कलमही लावावे, असा शिरस्ता आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारख्या जाती दिल्या आहेत, त्यांचाही उपयोग कलम घेतले तरच होतो. विक्रीत ३० रुपयांचे रोप आणि १२० रुपयांचे कलम एकाच टेबलावर शेजारीशेजारी ठेवले होते आणि दरातील फरकाचे कारण कोठेही लिहिलेले नव्हते. माझ्या पुढच्या गृहस्थांनी स्वस्त म्हणून पाच रोपे उचलली. मी जोडाची जागा अंगठ्याने चाचपून दोन कलमे घेतली आणि ती दोन्ही जगली, परंतु त्यांपैकी एक जमिनीलगत आडवेच पसरत चालले आहे. बाजूच्या आडव्या फांदीची काडी बांधली की असे होते. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी निवडणे हे बांधणाऱ्याचे काम आहे. आता त्याला काठीचा आधार दिला आहे.

रोपांबरोबर फुकट मिळणारे माहितीपत्रक, माझ्या मते, या उपक्रमाची सर्वांत कच्ची बाजू आहे. कमी पाण्यावरच्या बागेविषयीचा तो मजकूर उघडच घाटावरच्या कोरडवाहू मुलखासाठी लिहिलेला होता. रोप लावतानाच बुंध्याभोवती खोलगट आळे करावे, असे त्यात म्हटले होते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. मग उरलेल्या आठ महिन्यांत थेंब नाही, आणि खालचा जांभा दगड पडलेले पाणी धरून ठेवत नाही. अशा ठिकाणी पावसाळ्यात बुंध्याशी मातीची भर घालून पाणी बाहेर काढावे लागते आणि आळे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस करायचे असते. पत्रकावर विश्वास ठेवून मी पपईला जूनमध्येच आळे केले आणि ऑगस्टमध्ये ती मुळाशी कुजून आडवी झाली. सासूबाईंनी तेव्हाच हटकले होते, पण छापील कागदापुढे घरच्या माणसाचे कोण ऐकतो?

काजूचे एक कलम माझ्याच चुकीने गेले. ओल टिकावी म्हणून मी वाळका पाला खोडाला अगदी टेकवून रचला आणि डिसेंबरात वाळवी लागली. पाला खोडापासून वीतभर लांब ठेवला, तसेच त्याखाली नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पोकळ बाजू वर करून पुरली, तर ओल राहते आणि वाळवीचेही भय कमी होते, हे दुसऱ्या कलमावरून कळले.

पाण्याची खरी बचत झाली ती मडक्यांमुळे. विक्रीत ६० रुपयांना पाच लिटरची, न रंगवलेली मातीची मडकी होती. ती रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवले की पाणी पाझरत मुळांशी जाते. बकुळीजवळचे मडके मला मार्चमध्ये चौथ्या दिवशी भरावे लागे, मेमध्ये दर दोन दिवसांनी. परंतु शेजारीच ‘शोभेची’ म्हणून तैलरंगाने चितारलेली मडकीही त्याच कामासाठी विकली जात होती, आणि मी मोहाने त्यांतले एक घेतले. रंगाने छिद्रे बुजलेली असल्यामुळे त्यातील पाणी आठवड्यानंतरही जवळपास तेवढेच राहिले. मी ते भरलेले पाहून निश्चिंत होते आणि शेजारची दुसरी बकुळ मात्र वाळून गेली. रंगीत मडकी विकायला हरकत नाही, पण ती पुरायची नाहीत एवढे तरी सांगायला हवे होते.

किरकोळ तक्रार चिठ्ठ्यांची आहे. शाईने लिहिलेली नावे पहिल्याच सरीत धुऊन गेली आणि मी ‘रत्ना’ म्हणून आणलेले आंब्याचे कलम खरोखर रत्नाचे आहे की हापूसचे, हे आता मोहर आणि फळ येईल तेव्हाच समजेल. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव कोरले तरी काम भागेल.

यंदाही विक्री मृगाआधीच्या रविवारीच आहे. रोख रक्कम आणि स्वतःची टोपली न्यावी, रिकाम्या पिशव्या परत केल्यास प्रत्येकी दोन रुपये वजा होतात, आणि कोकमाची कलमे हवी असतील तर सकाळी आठच्या आत पोहोचावे, कारण नऊनंतर टेबलावर फक्त ३० रुपयांची रोपे उरलेली असतात.