पावती कुणाची फाडायची? अंतर्गत युनियन, बाहेरची युनियन की कोणतीच नाही

पर्मनंटचे पत्र हातात पडते आणि आठवड्याभरात सभासद वर्गणीची दोन पावतीपुस्तके समोर येतात. एक अंतर्गत युनियनचे, दुसरे बाहेरच्या नेत्याच्या संघटनेचे. घरून तिसराच सल्ला मिळतो, "कशात पडू नकोस, नोकरी सांभाळ." भोसरी-चाकण पट्ट्यात पगारवाढीच्या दोन करारांच्या वेळी मी युनियनच्या कमिटीत बसलो आहे, त्यामुळे माझा कल काही लपणार नाही.

आधी घरच्यांचा सल्ला बघू. युनियन नसलेल्या कारखान्यात पगारवाढ एचआरच्या पत्रातून येते. टूलरूममधला किंवा मेंटेनन्सचा पक्का कारागीर असाल तर एकट्यानेही भाव करून घेता येतो, कारण तशी माणसे मिळत नाहीत. असेंब्ली लाइनवर मात्र ते चालत नाही, तुमच्या जागी उद्या दुसरा उभा राहतो. जादा तासांना दुप्पट दर कायद्यातच आहे, पण ओटीऐवजी "नंतर सुट्टी घे" म्हटले की एकटा माणूस मान डोलावतो. खरी पंचाईत कंपनीकडून चार्जशीट, म्हणजे गैरवर्तनाचे आरोपपत्र, आल्यावर होते. चौकशीत शेजारच्या खुर्चीवर बसायला कुणीच नसते.

अंतर्गत युनियनचे पदाधिकारी तुमच्याच बसने येतात. कुठल्या मशीनवर किती नग निघतात, कँटीनची भाजी कधीपासून बिघडली, मेडिक्लेममध्ये आईवडील बसतात का, हे त्यांना सांगावे लागत नाही. करार बहुधा वेळेवर होतो आणि संपाचे दिवस बुडत नाहीत. दुसरी बाजू अशी की पदाधिकाऱ्याचा स्वतःचा पगारही त्याच कंपनीच्या हातात असतो. टेबलावर तो किती ताणणार?

बाहेरचा नेता ताणू शकतो. त्याला बदलीची भीती नसते, चार कारखान्यांचे करार पाठ असतात आणि कोर्टाची पायरी त्याला नवी नसते. पण दुरून ताणलेली दोरी तुटली तर लागते तुम्हाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि लाखाहून अधिक माणसे गिरणीत परतली नाहीत. दोष एकट्या नेत्याचा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांत कामगारांच्या वतीने सही करायचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. गर्दी एकीकडे आणि सहीचा हक्क दुसरीकडे, तिथे गाडे अडले.

पुण्याने हेच वेगळ्या रूपात पाहिले. टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) कामगार नेते राजन नायर यांच्यामागे मोठी संख्या होती, तरी १९८९ मध्ये व्यवस्थापनाने करार केला तो दुसऱ्या युनियनशी. शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसलेल्या कामगारांना सप्टेंबरअखेर पोलिसांनी रात्रीतून उचलले.

म्हणून झेंड्याचा रंग बघण्याआधी विचारा, मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने कंपनीशी करार करायचा हक्क, कुणाकडे आहे? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी सहा महिने किमान ३० टक्के सभासद लागतात. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अनेक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. तेवढा कुणाकडेच नसेल तर युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बसते आणि २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. दोन गटांत कामगार निम्मे-निम्मे फुटले की कंपनीला आयतेच फावते.

मग करार वाचा. गेटवरचा फ्लेक्स वाचू नका. समजा "१२,००० ची ऐतिहासिक वाढ" आहे. तीन वर्षांत ५०-२५-२५ अशी विभागली, तर पहिल्या वर्षी हातात ६,००० येतात. त्यातले मूळ पगारात आणि महागाई भत्त्यात किती, हे बघा, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब मुख्यतः त्यावरच बसतो. मागचे पान तर नक्की उलटा. वाढीच्या बदल्यात दर शिफ्टला किती नग जास्त द्यायचे, ते तिथे असते. आमच्या एका करारात आम्ही तो आकडा हसत मान्य केला. दोन वर्षांत लाइनवरची निम्मी पोरे कमरेला पट्टा बांधून यायला लागली. पगारवाढीचे पेढे मीच वाटले होते.

"सुपरवायझर ग्रेड देतो" असे आमिष आले तर एक जपा. देखरेखीचे काम आणि महिना १८,००० च्या वर पगार असेल, तर संहितेच्या व्याख्येत तुम्ही कामगार राहत नाही. अप्रेंटिसही त्या व्याख्येत बसत नाहीत.

कंत्राटी असाल तर हे सगळे गणितच वेगळे. २००१ च्या सिप्ला निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीशी मालक-कामगार नातेच वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार चालत नाही, ते नाते आधी दुसरीकडे सिद्ध करावे लागते. (हमालीच्या कामात मात्र १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ आणि लेव्हीची (मजुरीवर मालकाने मंडळाकडे भरायच्या जादा रकमेची) सोय आहे, तिथे नोंदणी होत असेल तर आधी ती करा.) लाइनवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या या पोरांसाठी युनियनने मागणीपत्रात एक ओळ तरी घातली आहे का, हे मी बघतो. कंत्राटी स्वस्त राहिला की पुढच्या करारात पर्मनंटच्या जागा कमी होतात.

माझे मत विचाराल तर असेंब्लीवरच्या माणसाने तरी युनियनबाहेर राहू नये. कमिटी आतल्या कामगारांनी निवडलेली हवी आणि सल्ल्याला सीटू, बीएमएस, आयटकसारख्या एखाद्या संघटनेचा जाणता माणूस बाहेरून असावा. तसे नसेल तर दोन्ही पावतीपुस्तकवाल्यांकडे मागच्या कराराची पूर्ण झेरॉक्स मागा, मागच्या पानासकट. जो "वाचून काय करणार" म्हणेल, त्याची पावती मी फाडणार नाही.