पहिली लीग: स्पेन १९२९ की इटली १९२९-३०?

दोन महायुद्धांच्या मधला फुटबॉल लीगचा एकच हंगाम, सगळ्या निकालांसकट, मुळापासून वाचायचा, तर स्पेनचा घ्यावा की इटलीचा, असं एका मित्राने विचारलं.

आकाराने स्पेन सोपा. १० संघ, १८ फेऱ्या, फेब्रुवारी ते जून. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. इटलीत १८ संघ आणि ३४ फेऱ्या, म्हणजे चिकाटी हवी.

चुरशीत स्पेनला तोड नाही. शेवटच्या दिवशी रिआल माद्रिद बिल्बाओत हरला आणि बार्सिलोनाने २५-२३ गुणांनी विजेतेपद नेलं. शिवाय इरुन आणि गेचोसारख्या छोट्या गावांचे संघ बड्यांच्या पंक्तीला होते. आज ते पहिल्या श्रेणीत नाहीत, म्हणून तर वाचायला जास्त मजा.

इटलीत मात्र माणूस भेटतो: जुझेप्पे मेआत्सा. १९ वर्षांचा पोरगा, ३१ गोल! त्याच्या संघाचं नाव इंटर, पण फॅसिस्ट राजवटीत ते ‘अंब्रोसियाना’ करावं लागलं होतं. मैदानाबाहेरचं राजकारण इथे गुणतक्त्यातच दिसतं.

थोडक्यात थरार हवा असेल तर स्पेन. खेळाडू आणि काळ समजून घ्यायचा असेल, वेळही असेल, तर इटली.