1960 ची क्रायस्लर 300एफ कन्व्हर्टिबल : पंधरा महिने आणि 2,300 मैलांनंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये गाडी घरी आली तेव्हाच लिहायचं होतं, पण मुद्दाम थांबलो. नव्या नवलाईत सगळंच गोड लागतं. आता दोन उन्हाळे आणि मधला मिशिगनचा हिवाळा काढून झालाय, 2,300 मैल चालवून झालेत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रायस्लरने 1955 मध्ये 300 अश्वशक्तीची गाडी काढली, नावही 300 च दिलं, आणि पुढे दर वर्षी एकेक अक्षर जोडत गेले. 1960 ला अक्षर आलं एफ. क्रायस्लरचा डिझाइनप्रमुख व्हर्जिल एक्सनर याच्या डिझाइनचा तो काळ. जेट विमानांनी सगळ्यांना वेड लावलं होतं, ते गाडीच्या मागच्या बाजूला दिसतं. दोन्ही पंख बाहेर कललेले आणि त्यांच्या टोकाला बूमरँगसारखे लाल दिवे. बंद टपाच्या 964 बनल्या, उघड्या टपाच्या फक्त 248. माझी त्यातलीच एक, काळी, आत तपकिरी चामडं. आधीच्या मालकाने तिचं पूर्ण रिस्टोरेशन करून घेतलं होतं.

पण मी घेतली ती बॉनेटखाली जे आहे त्यासाठी. मी नोकरीत इंजिनच्या हवेच्या मार्गावर काम करतो, त्यामुळे बॉनेट उघडलं की अजूनही दोन मिनिटं नुसता बघत उभा राहतो. 413 घनइंचांचं व्ही-8. दोन कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रं), पण इंजिनच्या डोक्यावर नाहीत, दोन बाजूंना बाहेर टांगलेले. डावीकडचा कार्बुरेटर उजव्या चार सिलिंडरांना पुरवतो, उजवीकडचा डाव्या चारांना, आणि मधून 30 इंच लांबीच्या नळ्या एकमेकींना ओलांडून जातात. सिलिंडरच्या तोंडाशी हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद झाला की नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते, मागे जाऊन परत येते. लांबी अशी धरलीय की लाट परत येईपर्यंत व्हॉल्व्ह पुन्हा उघडलेला असावा आणि हवा आपल्याच रेट्याने आत घुसावी. 375 अश्वशक्ती, आणि मिनिटाला 2,800 फेऱ्यांना 495 पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. आम्ही आज ही लांबी संगणकावर काढतो. साठहून जास्त वर्षांपूर्वी त्या लोकांनी जे साधलं, ते रस्त्यावर अंगाला जाणवतं. हायवेला चढताना पेडल अर्धंच दाबलं तरी मधल्या वेगात मागून कोणीतरी तळहात लावून ढकलतंय असं वाटतं. गोंगाट नाही, खोल घुमणारा आवाज आहे. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळं सोसतो.

आणि सोसावं लागतं. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायला गेलात तर घेत नाही, कारण कार्बुरेटर एक्झॉस्टच्या उष्णतेतच बसलेले आहेत. इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरायला लागल्यापासून त्रास बराच कमी झालाय. अ‍ॅव्हरेज गॅलनला नऊ-दहा मैल.

गिअरची बटणं स्टिअरिंगच्या डावीकडे आहेत. त्यात ‘पार्क’चं बटण नाही. गाडी उभी राहते ती केवळ हँडब्रेकवर, आणि तो चाकांना लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला, ड्राइव्हशाफ्टला, धरतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या उताराच्या ड्राइव्हवेवर गाडी वीतभर सरकली. तेव्हापासून डिकीत लाकडाचे दोन ठोकळे कायम असतात.

आता ज्याचा मला खरंच राग आहे ते सांगतो. रिस्टोरेशन करणाऱ्याने रंग आरशासारखा दिलाय, क्रोम नवं केलंय, आणि ब्रेकचे रबरी होज जुनेच ठेवलेत. आतून फुगलेले. तीन आठवड्यांत गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली. पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर या गाडीत एकच, चारही चाकांना मिळून. एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन टनांच्या गाडीत बायको-मुलांना बसवायचं आणि हे असं! सगळे होज आणि पाइप बदलून घेतले, कमरेचे पट्टे बसवले, मगच घरच्यांना बसवलं. तुम्ही घ्यायला गेलात तर रंग नंतर बघा, आधी लिफ्टवर चढवा. 1960 पासून या गाड्यांना वेगळी चेसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळ खाणाऱ्या पोलादी दांड्या) मागे ज्या आडव्या पट्टीत अडकवलेत ती गंजली असेल तर गाडी कितीही चमकू दे, परत फिरा. आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे जास्तच.

डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, हेही टायरवाल्याला आधीच सांगा. मी सांगायच्या आत एका दुकानात पोराने नट खोलायची गन लावली आणि एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो खिळा, कडकन तुटला. चूक त्याची एकट्याची नाही, त्याने असा नट कधी पाहिलाच नव्हता.

या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, आमच्या रोजच्या एसयूव्हीत चढताना तिला हात द्यावा लागतो. मी 300एफचं दार उघडलं आणि पुढची सीट आपोआप बाहेर वळली, तिच्याकडे तोंड करून. ही या गाडीची मूळचीच सोय आहे, दाराला जोडलेली. आईने आधी सीटवर हात फिरवला, मग पदर सावरून खुर्चीत बसावं तशी बसली, आणि दोन्ही पाय उचलून आत घेतले. कोणाचाही आधार न घेता. “हे ज्याने केलं त्याची आई म्हातारी असणार बघ,” म्हणाली. त्यानंतर रोज संध्याकाळी ती तयार होऊन बसायची. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून टप उघडा टाकून आम्ही सावकाश जायचो. अंधार पडला की घुमटासारख्या काचेतले मीटर निळसर-हिरवे उजळतात. त्यात बल्ब नाहीत, सुमारे दोनशे व्होल्टच्या एसी विजेवर काटे आणि आकडे स्वतःच चमकतात. आई त्याला देवघरातला उजेड म्हणायची.

सीट वळताना चामडं कडेला घासतं. ड्रायव्हरच्या बाजूची शिवण उसवायला लागलीय. घड्याळ बंद आहे. ऑक्टोबरअखेर गाडी झाकून ठेवायची, त्याआधी मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर बदलायचे आहेत. पार्ट आलेत, गॅरेजमधल्या टेबलावर काढून ठेवलेत.