टेक्सासमध्ये सप्रेसर घेतला – दुकान एक नंबर, कागदपत्रं मात्र कंटाळवाणी

आमच्या ह्यूस्टनच्या बाजूला एक छोटं दुकान आहे, पुढे काउंटर आणि मागे नेमबाजीची रेंज, तिथून मी २०२५ मध्ये माझ्या रुगर टेन-ट्वेंटीटू रायफलसाठी टू-टूचा (.२२ गोळीचा) सप्रेसर घेतला, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा बंदुकीचा सायलेन्सर. इथल्या मराठी ग्रुपमध्ये ज्याला त्याला एकच प्रश्न, अरे हे लीगल असतं का? तर हो बाबांनो, ४२ राज्यांत असतं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉयवाल्यांनी इथेच थांबा, तुमच्याकडे नाही चालत. आणि एच-वन व्हिसावर असाल तर मुळात बंदुकीचीच बंदी आहे, हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे खरा पण त्याच्या भरवशावर उडी मारण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही.

दुकानाचं मला काय आवडलं तर काउंटरवरच्या काकांनी आधी माल दाखवलाच नाही. पहिला प्रश्न, घरी कोण कोण असतं? मला वाटलं गप्पा मारतायत. पण मुद्दा असा की सप्रेसर माझ्या एकट्याच्या नावावर घेतला तर तो माझ्या ताब्यातच राहायला हवा, मी ऑफिसला आणि तिजोरीची चावी बायकोकडे असलं नाही चालत, आणि ती पण रेंजवर येते म्हटल्यावर ट्रस्ट करा म्हणाले. ट्रस्टमध्ये दोघांची नावं, म्हणजे दोघांचे बोटांचे ठसे, दोघांचे फोटो, दोघांचे फॉर्म. काम वाढलं, बायको वैतागली ("पासपोर्टला एवढं नाही लागलं रे"), पण पुढची कटकट मिटली. दुसऱ्या एका मोठ्या दुकानात आधी गेलो होतो तिथे पोराने हे विचारलंच नव्हतं, थेट कार्ड स्वाइप करायला निघाला.

बाकी मंजुरीचा अर्ज, म्हणजे फॉर्म ४, ऑनलाइनच भरला जातो, एटीएफच्या (बंदुकांचं बघणारं केंद्र सरकारचं खातं) साइटवर, आणि दुकानवाले शेजारी बसून भरून घेतात. ठशांसाठी मशीन आहे, माझी बोटं कोरडी म्हणून ते परत परत नाही म्हणत होतं, शेवटी काकांनी लोशन आणून दिलं. एक कॉपी आपल्या भागातल्या पोलिस प्रमुखाला पाठवायची, परवानगी मागायला नाही, फक्त कळवायला. मग वाट बघायची. पूर्वी लोक आठ-दहा महिने थांबायचे, ऑनलाइन झाल्यापासून खूपच फास्ट झालंय. मंजुरी येईपर्यंत माल दुकानातच राहतो, पैसे भरलेत तरी. सप्रेसरला इथे कॅन म्हणतात, म्हणून लोक म्हणतात कॅन जेलमध्ये आहे :) आमचं दुकान चांगलं की मागच्या रेंजवर त्यांच्या समोर आपलाच कॅन लावून मारू देतात, सगळीकडे देत नाहीत, आधी विचारून घ्या.

आता पैशाचं. टू-टूचे कॅन साधारण ३०० ते ५०० डॉलरमध्ये येतात. वर मी २०० डॉलर टॅक्स भरला, हा १९३४ च्या कायद्यातला आकडा, तेव्हा ही रक्कम म्हणजे सामान्य माणसाने नादच सोडावा म्हणून ठेवलेली, आणि नंतर कोणी बदललीच नाही. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवर तो शून्य झालाय. मित्राने आत्ता घेतला, टॅक्स शून्य, आणि मला मुद्दाम स्क्रीनशॉट पाठवतो. पण नीट वाचा, टॅक्स गेलाय, नोंदणी, ठसे, फोटो, बॅकग्राउंड चेक सगळं तसंच आहे.

वस्तू कशी आहे? सिनेमातलं फुस्स विसरा. बुलेट मोटारसायकलला कंपनीचा सायलेन्सर असतो तेवढाच फरक समजा, गाडी चालू आहे हे कळतंच. साधी हाय व्हेलॉसिटी गोळी ध्वनीपेक्षा वेगात जाते, तिचा स्वतःचा फटाक आवाज असतो आणि त्याला कॅन काहीच करू शकत नाही. सबसोनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारे राउंड घ्या, मग मजा, तेव्हा बंदुकीच्या बोल्टची खटखट जास्त ऐकू येते. मला रेंजवरून आल्यावर कानात शिट्टी वाजायची, ती बंद झाली, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल. इनडोअर रेंजवर तरी कानाला मफ लावतोच, शेजारचा काय मारतोय आपल्या हातात नसतं.

घेताना एवढं बघा की उघडून साफ करता येतो. टू-टूची गोळी बहुतेक नुसत्या शिशाची, आत थर जमतो, न उघडणारा कॅन घेतला तर वजन वाढत जाईल. साफ करताना ग्लोव्हज घाला, किचनच्या सिंकमध्ये तर अजिबात नको. व्हिनेगर-पेरॉक्साइडचा जो उपाय लोक सांगतात त्यातून शिशाचं विषारी पाणी तयार होतं, त्या वाटेला जाऊ नका.

आणि हो, गावी घेऊन जायचं डोक्यातून काढा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज कमी करणारी अ‍ॅक्सेसरी सुद्धा बंदुकीच्याच व्याख्येत येते, आणि अमेरिकेतून बाहेर न्यायला सुद्धा परवाना लागतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला, ते म्हणाले एवढ्या पैशात चांगलं कानाचं मशीन आलं असतं.

दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा पार्किंगसाठी कापला, शनिवारी जाऊ नका.