स्ट्रोकनंतर पायासाठी घरचा फिजिओ: नऊ-दहा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते. मालिशीने बरं वाटलं, मशीनने हुरूप आला, पण पाय चालता केला तो जेवणघरातल्या लाकडी खुर्चीने.

माझी डावी बाजू गेली होती. वय एकसष्ट, राहणार गोव्यात, फोंडा तालुक्यात. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा हात बऱ्यापैकी हलत होता, पाय मात्र मांडीपासून खाली माझं काही ऐकत नव्हता. तेव्हापासून एक तरुण फिजिओ घरी येतो. सुरुवातीला जवळजवळ रोज यायचा, आता आठवड्यातून एक-दोनदा.

नातेवाइकांनी पायाची सेवा भरपूर केली. कोणी नारायण तेल आणलं, कोणी थरथरणारं मशीन. फिजिओने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "काकी, पाय दुसऱ्याने उचलला तर व्यायाम त्याचा होतो." मेंदूचा जो भाग मेला तो काही परत येत नाही. उरलेल्या भागांना त्याचं काम शिकवायचं, तर हुकूम आपल्याच डोक्यातून सुटला पाहिजे, आणि तोही पुन्हा पुन्हा.

म्हणून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. हात छातीशी, पावलं गुडघ्यांच्या मागे ओढलेली, नाक अंगठ्यांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं आणि मग उठायचं. आपण नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. त्यावर त्याची युक्ती अशी की डावं पाऊल उजव्यापेक्षा चार बोटं मागे ठेवायचं, मग डाव्याला पळवाट राहत नाही. पहिल्यांदा तशी उठले तेव्हा गुडघा लटलटायला लागला आणि सुनेने कमरेचा पट्टा घट्ट धरला. तेव्हा खुर्चीवर दोन उशा असायच्या. मग एक राहिली, मग नुसती खुर्ची, आणि आता बुटकं स्टूल आहे.

उभं राहायचा सराव ओट्यापाशी. सोलांची बरणी मुद्दाम डावीकडच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. ती काढायला गेलं की वजन आपोआप डाव्या पायावर जातं. सुनेची तक्रार आहे की हल्ली कुठली बरणी कुठे सापडेल याचा नेम नाही. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, पायऱ्यांचा नियम वेगळा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. फक्त सरावापुरतं, कोणीतरी धरलेलं असताना, अधू पाय वरच्या पायरीवर ठेवून त्याच्या जोरावर चढायचं. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, त्यामुळे ते चार महिने हा सराव घरात लाकडी पाटावर केला.

मधे मुलाने हौसेने एका सेंटरचं पॅकेज घेतलं. तिथे अंगाला पट्टे बांधून, वरून टांगून ट्रेडमिलवर चालवतात. तिथे झकास चालायचे आणि घरी न्हाणीच्या उंबरठ्याला अडखळायचे. अर्ध्यावर सोडलं, पैसे परत मिळाले नाहीत. मशीन वाईट असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं टांगून चालवलेले आणि फिजिओकडून घरीच ताकदीचे, तोलाचे व्यायाम करून घेतलेले, असे दोन्ही वर्षाअखेरीस सारखेच सुधारलेले निघाले. मशीनवरचा सराव स्ट्रोकनंतर सहा महिन्यांनी सुरू केलेला गटही मागे राहिला नाही. त्यामुळे "सहा महिन्यांत काय व्हायचं ते होतं" असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आता स्प्लिंट, म्हणजे ज्याला सगळे एएफओ म्हणतात तो. पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारं पांढरं प्लास्टिक. चवडा खाली लोंबत नाही, बोटं फरशीत अडकत नाहीत, गुडघाही मागे झटका खात नाही. काम चोख आहे, पण ही वस्तू दिवसभर बूट घालणाऱ्यांसाठी बनवलेली दिसते. आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, आणि नुसता स्प्लिंट फरशीवर सटकतो. कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन दारातूनच घेतलं. घरासाठी वेलक्रोची वेगळी सँडल घेतली, तर डावी एक नंबर मोठी लागते आणि सुटी कोणी देत नाही. झक मारत दोन जोड घ्यावे लागले. मे महिन्यात आत घामाची चिकचिक होते, पातळ सुती मोजा हवाच. घोट्याच्या हाडावर लाल वळ उठला आणि वीसेक मिनिटांत गेला नाही, तर तसाच दामटू नका. बनवणारा तेवढा भाग तापवून फुगवून देतो.

सुधारणा मोजायला फिजिओ दहा मीटर चालायची वेळ लावतो. पंचवीस सेकंदांहून जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली, म्हणजे चालणं घरापुरतंच. ०.८ च्या वर गेलं की बाजारहाट जमतो. मी सध्या मधे आहे. चवडा स्वतःहून वर येत नाही तो नाहीच, दुपारनंतर पाय जड होतो, आणि कदंब बसची पायरी अजून माझ्यासाठी उंच आहे. व्यायामाआधी बीपी बघतो हे फिजिओचं मला आवडलं. चढलेलं असलं तर त्या दिवशी सुट्टी.

आणि हो, त्या दोन जोडांतल्या उजवी सात नंबर आणि डावी सहा नंबर अशा दोन कोऱ्या सँडल पडून आहेत. उजव्या पायात स्प्लिंट घालणारं कोणी फोंड्याच्या आसपास असेल तर घेऊन जा.